दाबलेल्या मातीतून उष्णता कशी जाते: चकती बनवण्यापासून वाहकता मोजण्यापर्यंत

खानदेशात मांडे करायचे म्हटलं की आधी खापर बघावं लागतं. चुलीवर उलटं ठेवलेलं ते मातीचं भांडं सगळीकडे सारखं तापलं, तरच मांडा भाजला जातो, नाहीतर मधे करपतो आणि कडेला कच्चा राहतो. माझी आजी पीठ हातावर घ्यायच्या आधी दोनदा विचारायची, ‘खापर तपनं का वं?’ गावातल्या कुंभारबाबांकडून मी लहानपणी एक गोष्ट ऐकली होती. जास्त थापटलेलं खापर लवकर तापतं, पण लवकर तडकतंही. पुढे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागल्यावर कळलं की या एका वाक्यात सिरॅमिकमधल्या, म्हणजे भाजलेल्या मातीसारख्या पदार्थांमधल्या, उष्णतावहनाचा मोठा भाग आलेला आहे. ते मोजून बघावं म्हणून आम्ही काही वर्षं बी.एस्सी.च्या मुलांकडून एक प्रकल्प करून घेतला. त्यातून जी पद्धत बसली, ती इथे पायरीपायरीने लिहिते. कॉलेजची प्रयोगशाळा, गॅरेजमधला एक प्रेस आणि चांगली माती एवढ्यावर हे काम होतं.

आधी ठरवा, दाब कशावरचा?

‘दाबाने सिरॅमिकची उष्णतावाहकता, म्हणजे उष्णता वाहून नेण्याची क्षमता, वाढते का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण दाब चार वेगवेगळ्या ठिकाणी पडू शकतो. कच्ची माती साच्यात दाबली, तर तिच्यातली पोकळी कमी होते. भाजलेली फरशी धातूवर दाबली, तर दोघांमधला सांधा बदलतो. छिद्रांतल्या हवेचा दाब कमीजास्त केला, तर त्या हवेतून जाणारी उष्णता बदलते, तीही ठरावीक मर्यादेनंतरच. आणि भाजून घट्ट झालेल्या पदार्थावर चारी बाजूंनी प्रचंड दाब दिला, तर स्फटिकातले अणूच जवळ येतात. या चौथ्या दाबाची पट्टी पहिल्याच्या शेकडो पट मोठी आहे. मुलं गोंधळतात ती इथेच. पुस्तकात पृथ्वीच्या पोटातल्या खडकांबद्दल वाचतात आणि तोच परिणाम जॅकखाली दाबलेल्या विटेत शोधत बसतात. वहीच्या पहिल्या पानावर ‘आपण कोणता दाब बदलतो आहोत’ हे एका ओळीत लिहून घ्या. पुढचा बराच त्रास वाचेल.

थोडे आकडे डोक्यात असू द्या. सगळे वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात आहेत. स्थिर हवा ०.०२६, पाणी ०.६, भाजलेली साधी वीट साधारण ०.६ ते १, आणि जवळजवळ छिद्रविरहित अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) ३०च्या आसपास. म्हणजे मातीच्या घन भागापेक्षा छिद्रातली हवा उष्णतेला कितीतरी पट जास्त अडवते. त्यामुळे मातीच्या वस्तूत पोकळी किती आहे आणि कणाला कण किती चिकटला आहे, यावर जवळजवळ सगळा निकाल ठरतो. माती दाबण्याचा परिणाम याच वाटेने येतो.

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८७३ मध्ये मिश्र पदार्थांसाठी जे सूत्र दिलं, त्यावरून अंदाज काढता येतो. छिद्रांतून जाणारी उष्णता सोडून दिली, तर घन भागाची वाहकता गुणिले (१ उणे सच्छिद्रता) भागिले (१ अधिक सच्छिद्रतेचा निम्मा) असं ते येतं. सच्छिद्रता म्हणजे एकूण आकारमानातला पोकळीचा वाटा. ती ४० टक्के असताना घन पदार्थाच्या निम्मी वाहकता उरते, २५ टक्के असताना दोन तृतीयांश. म्हणजे दाबून ४०वरून २५ टक्क्यांवर आणलं, तर वाहकता सुमारे एक तृतीयांशाने वाढायला हवी. हे सूत्र सुटी सुटी गोल छिद्रं धरून चालतं. खऱ्या मातीत फटी लांबट आणि एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून प्रत्यक्षातला फरक याहून जास्तही निघतो.

माती

तापी किंवा गिरणेकाठचा पोयटा दोन भाग आणि शेतातली काळी माती एक भाग, हे मिश्रण आम्हाला मानवलं. नुसती काळी माती घेऊ नका. ती वाळताना इतकी आटते की चकतीला भेगा पडल्याशिवाय राहत नाहीत. काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडेही असतात. भट्टीत त्यांची चुनकळी होते, नंतर हवेतला ओलावा पिऊन ती फुगते आणि चार दिवसांनी चांगल्या चकतीचा टवका उडतो. म्हणून माती वाळवून, कुटून १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेलं पुन्हा कुटून आत ढकलू नका, फेकून द्या.

एक किलो कोरड्या मातीला ७० ते ८० मिलिलिटर पाणी शिंपडून चोळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवा. सकाळी मूठ आवळली तर गोळा टिकला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. कुंभाराच्या चाकावरच्या मातीपेक्षा ही माती खूप कोरडी वाटेल, तशीच हवी. पाणी जास्त झालं की दाब पाणी झेलतं, कण जवळ येत नाहीत, आणि १ टन जोराने दाबलेली व ९ टन जोराने दाबलेली चकती सारखीच निघते. सगळ्या चकत्या एकाच पिशवीतल्या मातीच्या करा. दुसऱ्या दिवशी नवी माती भिजवली तर तिची मालिका वेगळी धरा.

साचा आणि प्रेस

लेथवाल्याकडून १०.५ सेंटिमीटर आतला व्यास असलेला जाड पाइपचा साचा, खाली सपाट पाटा आणि वरून बसणारा दट्ट्या करून घ्या. वाळून आणि भाजून चकती थोडी आटते, मग घासून ती १० सेंटिमीटरला आणता येते. पुढे वापरायच्या उपकरणातल्या पितळी चकत्या साधारण त्याच मापाच्या असतात. तुमच्या प्रयोगशाळेतलं माप आधी व्हर्नियरने घ्या आणि मगच साचा सांगा.

दाबण्यासाठी बेअरिंग काढायचा हायड्रॉलिक प्रेस उत्तम. जळगाव-धुळ्यात ट्रकचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये तो मिळतो, आणि मुलांना शिकायचं आहे म्हटलं की गॅरेजवाले दादा सहसा नाही म्हणत नाहीत. फक्त प्रेस चालवणारा त्यांचाच माणूस असू द्या. दट्ट्या तिरका बसला असेल तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटू शकतो. मुलांनी समोर उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं, डोळ्यांवर चष्मा लावायचा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. प्रेसच्या गेजवर दिसतो तो तेलाचा दाब, मातीवरचा नव्हे. समजा गेज दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाखवतोय आणि आतल्या रॅमचा, म्हणजे तेल ढकलतं त्या दांड्याचा, व्यास ६ सेंटिमीटर आहे. रॅमचं क्षेत्रफळ २८.३ चौरस सेंटिमीटर, म्हणून एकूण जोर सुमारे २८३० किलो. हा जोर साच्याच्या ८६.६ चौरस सेंटिमीटरवर पसरतो. मातीला मिळतात दर चौरस सेंटिमीटरला फक्त ३३ किलो. वहीत गेजचा आकडा लिहून पुढे जाल, तर सगळे निष्कर्ष तीन पटीने चुकतील. रॅमचा व्यास मोजा, गुणाकार-भागाकार करा आणि मातीवरचा दाबच लिहा.

दाब कोणते निवडायचे? १, २, ३, ४ टन असे नको. मातीची घनता दाबाच्या लॉगरिदमप्रमाणे वाढते. म्हणजे दाब तिप्पट केला की घनता एक पायरी चढते, पुढची पायरी चढायला पुन्हा तिप्पट करावा लागतो. म्हणून १, ३ आणि ९ टन घ्या. १०.५ सेंटिमीटरच्या साच्यात हे अनुक्रमे ११.५, ३४.६ आणि १०४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर होतात. कारखान्यात फरशीची भुकटी दाबताना दर चौरस सेंटिमीटरला काहीशे किलो लावतात, तेव्हा आपला शेवटचा दाबही फार मोठा नाही. सोबत एक मालिका नुसती हाताने ठोकून केलेल्या चकत्यांची ठेवा. वीटभट्टीवर थापलेल्या विटेच्या जवळ जाणारी तीच.

प्रत्येक चकतीला १३० ग्रॅम माती तोलून घ्या. साच्याला आतून खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवा, माती पसरून पट्टीने सपाट करा. आधी हलका दाब देऊन दट्ट्या थोडा वर घ्या, अडकलेली हवा निघू द्या, मग पूर्ण दाब द्या आणि अर्धा मिनिट धरा. हवा न सोडता एकदम दाबलं की चकतीत आडवे पापुद्रे सुटतात. वरून काही दिसत नाही, पण त्या पापुद्र्यांतली हवा उष्णतेला अडवते, आणि जास्त दाबलेली चकती कमी वाहक निघते. भाजल्यावर चकतीवर नख वाजवून बघा. बद आवाज आला की ती बाजूला काढा.

प्रत्येक दाबाच्या किमान चार चकत्या करा. त्यातल्या दोन २०० ग्रॅमच्या, म्हणजे जाड असू द्या. त्या का लागतात ते पुढे येईल.

दाबाचा आणखी एक परिणाम आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. चिकणमातीचे कण चपटे असतात. वरून दाबलं की ते पत्त्यांसारखे आडवे झोपतात. आडव्या दिशेने उष्णता सहज धावते, जाडीतून कमी. आपण चकतीच्या जाडीतूनच मोजणार आहोत, त्यामुळे घनता वाढल्याचा थोडा फायदा कण आडवे झाल्याने खाल्ला जातो. निकाल अपेक्षेपेक्षा कमी आला तर हेही एक कारण धरा.

वाळवणं आणि भाजणं

चकत्या उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या झळांत वरचा थर तासाभरात वाळतो आणि आतला ओला राहतो, की भेग पडलीच. सावलीत, गोणपाटाखाली, रोज उलटून तीन-चार दिवस वाळवा. नंतर ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर.

भाजण्याबद्दल एकच नियम काटेकोर पाळा: सगळ्या चकत्या एकाच वेळी, एकाच तापमानाला. भट्टीच्या तापमानातला ५० अंशांचा फरक सच्छिद्रतेवर आणि कणांच्या सांध्यांवर दाबाइतकाच, कधीकधी जास्त परिणाम करतो. मफल फर्नेस (प्रयोगशाळेतली बंद भट्टी) असेल तर तासाला १०० अंशांच्या वेगाने ९०० अंशांपर्यंत न्या, तासभर धरा, बंद करून रात्रभर आतच निवू द्या. ५७३ अंशांजवळ वाळूतल्या क्वार्ट्‌झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि आकारमान एकदम वाढतं, तिथे चढताना आणि उतरताना घाई नको. फर्नेस नसेल तर कुंभारबाबांच्या भट्टीत मडक्यांसोबत लावता येतात. मात्र तिथे तळाला, मध्यावर आणि वर वेगळी आच असते. म्हणून प्रत्येक थरात तिन्ही दाबांच्या चकत्या मिसळून ठेवा. भाजायच्या आधीच प्रत्येक चकतीच्या कडेवर खिळ्याने नंबर कोरा, कारण पेनची शाई भट्टीत उडून जाते.

भाजल्यावर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू घासा. चकती काचेवर ठेवली की डुगडुगता कामा नये.

सच्छिद्रता मोजणं

कोरडी चकती तोला. मग पाण्यात पाच तास उकळा आणि तशीच रात्रभर पाण्यात निवू द्या. दुसऱ्या दिवशी दोऱ्याने पाण्यात लोंबती ठेवून वजन घ्या, मग बाहेर काढून ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपून पुन्हा वजन घ्या. समजा कोरडं वजन ११२ ग्रॅम, पाण्यात लोंबतं ६८, भिजलेलं १३२. भिजलेल्यातून कोरडं वजा केलं की २०, हे छिद्रांत शिरलेलं पाणी. भिजलेल्यातून लोंबतं वजा केलं की ६४, हे चकतीचं आकारमान घन सेंटिमीटरमध्ये. सच्छिद्रता २० भागिले ६४, म्हणजे ३१ टक्के, आणि घनता ११२ भागिले ६४, म्हणजे १.७५.

यानंतरची पायरी आमच्याकडून पहिल्या वर्षी सुटली. सच्छिद्रता मोजून चकत्या दोन दिवस टेबलावर ठेवल्या, हाताला कोरड्या लागल्या म्हणून उष्णतेच्या प्रयोगाला घेतल्या. निकाल सरळ उलटा आला. हाताने ठोकलेली चकती सगळ्यात जास्त वाहक आणि ९ टनांची सगळ्यात कमी! मुलांनी आलेख तीनदा काढला. मीही दोन दिवस सूत्रातच चूक शोधत बसले. मग एका मुलीने सहज चकत्या पुन्हा तोलल्या. ठोकलेल्या चकतीत अजून आठ-नऊ ग्रॅम पाणी होतं, ९ टनांच्या चकतीत दोन. छिद्रातल्या हवेची वाहकता ०.०२६ आणि पाण्याची ०.६, म्हणजे वीसपटीहून जास्त. जिच्यात जास्त छिद्रं, तिने जास्त पाणी धरलं होतं आणि तिच्यातूनच जास्त उष्णता गेली. तेव्हापासून नियम आहे: ११० अंशांना चोवीस तास वाळवायचं, तोलायचं, वजन मूळ कोरड्या वजनाशी अर्ध्या ग्रॅमच्या आत जुळलं तरच पुढे जायचं. पावसाळ्यात तर ओव्हनमधून काढल्या काढल्या हवाबंद डब्यात ठेवा. ओलसर भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत आणते, तेही याचमुळे.

वाहकता मोजणं

यासाठी ‘लीज डिस्क’ हे उपकरण पुरेसं आहे. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात ते असतंच. खाली लोंबती पितळी चकती, तिच्यावर आपली चकती, त्यावर वाफेची कोठी. वरच्या आणि खालच्या धातूत एकेक थर्मामीटर. वाफ सोडायची आणि दोन्ही तापमानं स्थिर होईपर्यंत थांबायचं. याला पाऊण ते एक तास लागतो. दर पाच मिनिटांनी नोंद करा, सलग चार नोंदी सारख्या आल्या की स्थिर अवस्था आली. वीज कधीही जाऊ शकते हे धरून वाफ गॅसच्या शेगडीवर करा, नाहीतर चाळीस मिनिटांचं काम पाण्यात जातं.

वरचं तापमान १०० धरून गणित करू नका. जळगावात पाणी १००च्या किंचित खालीच उकळतं, उंचावरच्या तोरणमाळला प्रयोग केलात तर ९६-९७ अंशांनाच. कोठीच्या तळाशी आणखी थोडी घट होते. थर्मामीटर दाखवेल तेच लिहा. प्रयोगासाठी डिसेंबर-जानेवारी निवडा. खोली २५ अंशांची असताना दोन थर्मामीटरमध्ये जेवढं अंतर मिळतं, ते मे महिन्यात खोली ४२ अंशांची झाली की सुमारे पाव हिश्शाने घटतं, आणि तेवढी चूक वाढते.

स्थिर तापमानं मिळाल्यावर मातीची चकती काढून घ्या. खालची पितळी चकती थेट कोठीवर तापवून आधीच्या तापमानापेक्षा दहा अंश वर न्या, मग एकटी लोंबती ठेवून दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. आलेखावरून, स्थिर तापमानाच्या जागी ती सेकंदाला किती अंश निवते ते काढा. एक उदाहरण: पितळी चकती ०.८ किलो, त्रिज्या ५ सेंटिमीटर, जाडी १.२ सेंटिमीटर, पितळेची विशिष्ट उष्णता ३८०. वरचं तापमान ९६.०, खालचं ८३.४, निवण्याचा वेग सेकंदाला ०.०३४ अंश. वस्तुमान, विशिष्ट उष्णता आणि वेग यांचा गुणाकार १०.३ वॅट. निवताना चकतीची वरची बाजूही उघडी होती, प्रयोगात ती झाकलेली होती. म्हणून (त्रिज्या अधिक दोनदा जाडी) भागिले (दोनदा त्रिज्या अधिक दोनदा जाडी), म्हणजे ७.४ भागिले १२.४ ने गुणा. उरले ६.२ वॅट. मातीच्या चकतीतून एवढी उष्णता जात होती. तिला चकतीच्या जाडीने, म्हणजे ०.००७ मीटरने गुणून, क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर आणि तापमानातला फरक १२.६ यांच्या गुणाकाराने भागलं की वाहकता येते ०.४४.

हा आकडा अजून खरा नाही. दुसरा दाब इथे येतो.

सांध्यावरचा दाब

घासून गुळगुळीत केलेली चकती पितळेला सगळीकडे टेकत नाही. टोकं टोकांना टेकतात आणि मधे हवेचा पातळ थर राहतो. कागदाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरची फट दोन्ही बाजूंना धरा. या दोन फटी मिळून जवळजवळ १ मिलिमीटर मातीइतकी अडवणूक करतात. चकतीच ७ मिलिमीटरची असताना ही मोठी चूक आहे.

ही अडवणूक डोळ्यांनी बघता येते. स्थिर अवस्था आल्यावर कोठीवर २ किलोचं वजन ठेवा, खालचं तापमान चढेल. मग ५, मग १० किलो. पितळी चकती धरणारे दोरे आधी तपासा, जुन्या सुतळीवर १० किलो टांगू नका. पहिल्या वजनाला सगळ्यात मोठा फरक पडतो, पुढे कमी कमी होत जातो. माती तीच आणि छिद्रंही तीच आहेत, बदलला फक्त सांधा. १० किलो वजन म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वाशे ग्रॅमच, साच्यातल्या दाबाच्या तुलनेत काहीच नाही. त्याने मातीच्या आत काही बदलत नाही.

सांध्याची चूक काढून टाकायला त्या जाड चकत्या लागतात. एकाच दाबाच्या, पण ७ आणि ११ मिलिमीटरच्या चकत्या एकाच वजनाखाली मोजा. जाडी भागिले मोजलेली वाहकता, हा त्या चकतीचा एकूण रोध. वरच्या उदाहरणात ७ मिलिमीटरला तो ०.०१६ येतो. ११ मिलिमीटरला समजा ०.०२४ आला. जाडी ४ मिलिमीटरने वाढली, रोध ०.००८ ने वाढला. ०.००४ भागिले ०.००८ म्हणजे ०.५०, ही मातीची खरी वाहकता. सांधा दोन्हींत सारखाच होता, म्हणून तो वजा झाला. ७ मिलिमीटर मातीचा स्वतःचा रोध ०.०१४, उरलेला ०.००२ हा सांध्याचा. संगणकाच्या प्रोसेसरवर लावतात ती पेस्ट दोन्ही बाजूंना पातळ फासली तर सांध्याचा रोध बराच उतरतो, पण ती छिद्रांत शिरते आणि चकती पुन्हा वापरता येत नाही. ग्लिसरीन तर मुळीच नको. मला दोन जाड्यांची पद्धतच जास्त विश्वासाची वाटते.

मोजमापात किती चूक होऊ शकते, याचा अंदाजही मुलांना आधीच द्या. दोन्ही थर्मामीटर अर्धा अर्धा अंश चुकले तर १२.६च्या फरकात ८ टक्के चूक होते. थर्मामीटरची अदलाबदल करून सरासरी काढली की ती घटते. हाताने ठोकलेली आणि ९ टनांची यांतला फरक या उपकरणावर स्पष्ट दिसतो. १ आणि ३ टनांतला कदाचित दिसणार नाही. तसं असेल तर तसंच लिहा, आकडा ओढूनताणून लावू नका.

उरलेले दोन दाब

हवेच्या दाबाचा प्रयोग करायचा मोह मुलांना होतो: पंपाने हवा काढली की छिद्रं उष्णता जाऊच देणार नाहीत, असं त्यांना वाटतं. पण वायूचा दाब निम्मा केला तरी त्याची उष्णतावाहकता जवळपास तीच राहते. रेणू निम्मे होतात, पण प्रत्येक रेणू धडकेआधी दुप्पट लांब जातो. हे साटंलोटं मोडतं ते रेणूची ही धाव छिद्राच्या रुंदीइतकी झाली की. आपल्या नेहमीच्या हवेत ती धाव मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी, सुमारे ०.०७ मायक्रोमीटर आहे. १ मायक्रोमीटरच्या छिद्रात दाब दहाव्या हिश्शावर आणला की परिणाम ठळक होतो. ०.१ मिलिमीटरच्या छिद्राला मात्र हजाराव्या हिश्शापर्यंत जावं लागतं. विटेत दोन्ही प्रकारची छिद्रं असतात, म्हणून साध्या पंपावर थोडासाच फरक दिसतो. चांगला रोटरी पंप नसेल तर या वाटेला जाऊ नका.

स्फटिकावरच्या दाबासाठी तर वेगळी प्रयोगशाळाच लागते. अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांना अतिउच्च दाबाखालच्या कामासाठी १९४६चं नोबेल मिळालं. अशा दाबात अणू जवळ येतात, त्यांच्यातले बंध ताठ होतात आणि कंपनांच्या लाटा, ज्यांना फोनॉन म्हणतात, जास्त वेगाने आणि जास्त लांब जातात. घट्ट सिरॅमिकमध्ये ही वाढ दर गिगापास्कलला काही टक्के असते. एक गिगापास्कल म्हणजे जवळजवळ दहा हजार वातावरणं. आपले ९ टन म्हणजे त्याचा शंभरावा भाग. त्याने भाजलेल्या घट्ट चकतीची वाहकता फार तर टक्क्याच्या वीसाव्या भागाने हलेल, आणि आपल्या उपकरणाची चूक ८ टक्के. मात्र चकतीत किंवा खडकात बारीक भेगा असतील, तर कमी दाबानेही त्या मिटतात आणि वाहकता चांगलीच वाढते. तो परिणाम भेगांचा असतो, स्फटिकाचा नव्हे.

घरात, भट्टीवर

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या दाबून केलेल्या विटा आता आपल्याकडे सगळीकडे दिसतात. वीट किती दाबली हे बांधणाऱ्याला मजबुतीसाठी हवं असतं. उन्हाच्या दृष्टीने तीच गोष्ट उलट जाते. जितकी घट्ट वीट, तितकी उष्णता आत. म्हणून दोन विटांची तुलना करताना सिमेंटचं प्रमाण, ओलावा आणि घनता या तिन्हींची चौकशी करा. घनता काढायला तर तराजू आणि पट्टी पुरते.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात आजही राहणाऱ्यांसाठी: पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून धाबं चोपतात ते गळू नये म्हणून, आणि वरचा थर चोपलाच पाहिजे. पण संपूर्ण जाडी धुमसाने ठोकून घट्ट केलीत, तर मे महिन्यात खोली जास्त तापेल. खालचा थर मोकळा आणि कोरडा राहू द्या, ठोका फक्त वरचा.

भट्टीत किंवा चुलीत आतून लावायच्या विटांचे सांधे मात्र नीट बघा. वीट कितीही चांगली असली तरी तिच्यामागे हवेची फट राहिली की तिथे उष्णता अडते. भट्टीला बाहेरून गार ठेवायचं असेल तर ही फट फायद्याची. तीच फट तापलेली वीट आणि भांडं यांच्यामधे राहिली तर मात्र तोट्याची, भांडं उशिरा तापतं.

आमच्या ९ टनांच्या चकत्यांपैकी एक कुंभारबाबांनी खापराशेजारी सरळ जाळात ठेवून बघितली. ती खापराच्या आधी तापली, आणि पाण्याचा शिंतोडा पडताच मधोमध तडकली. खापराला काही झालं नाही. त्याच्या मातीत घोड्याची लीद मिसळलेली असते. भट्टीत ती जळून जाते आणि मागे बारीक पोकळ्या उरतात. सुरू झालेली भेग त्या पोकळ्यांत अडकते. त्यानंतरच्या वर्षी आम्ही लीद घातलेल्या मातीच्या चकत्यांची वेगळी मालिका केली, फक्त ठोकलेल्या आणि १ टनाच्या. तुम्ही करणार असाल तर लीद वाळवून, चाळून, वजनाने ५ टक्क्यांपासून सुरुवात करा आणि भट्टीचं तापमान ३०० ते ५०० अंशांच्या मधे अगदी सावकाश चढवा. आत हवा खेळती राहिली नाही तर चकतीच्या पोटात काळा गाभा उरतो. तो उरलेला कोळसा आहे, आणि तो असेल तर सच्छिद्रतेचा आकडा धरू नका.